झाकण

काल भर दुपारी मला माझीच गाडी बाहेर काढायची परवानगी मिळाली नाही. गाडीवर कुरडया वाळत होत्या.

गाडी म्हणजे वडिलांची टाटा मोबाइल 206, मागे उघडा हौदा असलेली पिकअप. टेल्कोने, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये हे मॉडेल आणलं. पुढे सिएरा आली ती याच्याच पायावर. हे मी आल्यागेल्याला ऐकवतो आणि आलागेला घड्याळ बघतो. उघड्या हौद्यात दर पावसाळ्यात पाणी साचून तळ गंजला, तेव्हा ठरवलं, झाकण करायचं. घरच्या घरी. ताडपत्री टाक म्हणून चौघांनी सांगितलं, पण ताडपत्रीला इस्त्री नसते.

12 मिलीमीटरचा मरीन प्लाय, खाली इंची चौकोनी पाइपची चौकट, वर काळं रेक्झिन. माप घेताना हौद्याचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरला. तीनदा मोजला. सुतार म्हणाला, "साहेब, गाडी गुण्यात नाही." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. म्हटलं, तीस-पस्तीस वर्षांनी कोण गुण्यात राहतं? त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडला. पाणी वाहून जावं म्हणून केबिनकडून फाळक्याकडे दोन बोटं उतार दिला. त्या उताराचा मला फार अभिमान होता.

काल खाली गेलो तर झाकणावर जुनी सुती साडी, तिच्या कडांवर विटांचे तुकडे आणि वर कुरडयांच्या रांगा. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत तळमजल्याच्या काकू, हातात कावळे हाकायची काठी.

"काकू, ही गाडी आहे."

"दिसतंय की. गच्चीला कुलूप कुणी घातलंय? तुमच्या कमिटीनं."

मी कमिटीत नाही. कधीच नव्हतो.

"मला बाहेर जायचंय."

"मग जा ना, रिक्षा करून. चीक ओला आहे अजून." मग जरा मायेने म्हणाल्या, "काळ्यावर ऊन काय धरतं रे! झकास केलंयस. फक्त सुतारानं फसवलं तुला. एका बाजूला उतार आलाय. साडीच सरकते खाली, कुरडयांसकट."

"उतार मुद्दाम दिलाय. पाणी वाहून जायला."

"पाणी? चैत्रात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे प्रश्न होते.

"आत काय ठेवतोस?"

"काही नाही."

"मग झाकण कशाला?"

मी गंजाबद्दल बोलू लागलो. त्या कावळ्याकडे बघत होत्या. मधेच एक मोडकी कुरडई त्यांनी माझ्या हातावर ठेवली, तोंड बंद करायला असावी. मी ती खाल्लीही.

माझं दुखणं काकू नाहीत खरं तर. नंबरप्लेट पांढरी, वाहन खासगी, तरी सोसायटी माझ्याकडून मालवाहू गाडीचं पार्किंग घेते, म्हणजे दुप्पट. का, तर "दिसायला टेम्पोच आहे". पंधरा वर्षं उलटलेली गाडी, म्हणून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. तोही निमूट भरतो. बरं, दुप्पट भरून जागा तरी माझी? रंगारी त्यांचे डबे हौद्यात ठेवायचे, पोरं फाळक्यावर बसायची, कुणीतरी जुनी गादीच टाकून गेलं होतं. गादी कुणाची ते अजून कळलेलं नाही. टाकून यायला मात्र मीच गेलो. झाकण केलं ते निम्मं त्यासाठीही होतं. आता लोकांना हौदा मिळत नाही, सपाट ओटा मिळतो.

संध्याकाळी साडी उचलली तेव्हा रेक्झिनवर चिकाचे पांढरे वेटोळे उमटले होते. ओल्या फडक्याने पुसले तर पसरले. काकू जाता जाता म्हणाल्या, "उद्या साबुदाण्याच्या पापड्या आहेत. गाडी उन्हात राहू दे हं."

आज सकाळी सहालाच गाडी लिंबाखाली लावली. मुद्दाम.

साडेनऊला बेल वाजली. मी दार उघडलं नाही. आता खालून हाका येतायत, "अरे, किल्ली तरी टाक!"