ओटीला बासष्ट, माजघराला चौसष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या माजघरात अकरा भांडी मांडलेली होती. पातेली, परात, दोन बादल्या, तपेलं, आणि शेवटी भांडी संपली तेव्हा कुकर. कुठलं भरत आलंय हे बायकोला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं. "परात बघा" असं ती म्हणाली की मी उठायचो.

पाऊस ओसरल्यावर सुतार वर चढला. आढ्यात त्याने पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. वरूनच म्हणाला, "दादा, हे वाळवीनं एकमेकींचे हात धरलेत म्हणून उभं आहे."

ठरलं ते असं, की आढं लोखंडी घालायचं आणि वर पत्रे टाकायचे. कौलंच परत घालावीत असं मला फार वाटत होतं, पण कौलं चढवणारा माणूस आता मुंबईत सापडत नाही, आणि सापडलाच तर तो गावी गेलेला असतो. शेजारच्या बावीस मजली टॉवरमधले लोक गॅलरीतून आमच्या छपराचे फोटो काढतात आणि 'किती छान, जुनं ते जुनं' म्हणतात. ते कोरड्यात उभे असतात.

आमचं घर जोगेश्वरीच्या पलीकडे, एका गावठाणात आहे. आजोबांनी बांधलं तेव्हा ही मुंबई नव्हतीच. जोगेश्वरीपर्यंतची उपनगरं पालिकेत आली १९५० साली आणि पुढची, दहिसरपर्यंतची, १९५७ साली. त्याआधी आमची आजी "मुंबईला जाऊन येते" म्हणत डबा घेऊन निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. पुढे तिने बाहेर पडायचंच सोडलं, तेव्हा मुंबईच घरापर्यंत आली. येताना कायदा घेऊन आली.

हा पालिकेचा कायदा १८८८चा आहे, म्हणजे आमच्या आढ्यापेक्षाही जुना, पण त्याला वाळवी लागलेली नाही. त्याच्या ३४२ कलमात किरकोळ दुरुस्तीला सूट आहे. रंग द्या, गिलावा करा, लाद्या बदला, कौलांच्या जागी कौलं घाला, कुणी विचारणार नाही. पण कौलांच्या जागी पत्रे आले किंवा घराचा भार पेलणारं लाकूड बदललं, की परवानगी हवी. आम्हाला नेमकं हेच दोन्ही करायचं होतं.

वॉर्ड ऑफिस कुठलं ते सांगत नाही. मुंबईचे वॉर्ड ए पासून टी पर्यंत आहेत, पण मधली आय, जे, ओ आणि क्यू ही अक्षरं नाहीत. मला वाटतं त्यांची फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर असावी. आमच्या वॉर्डाला मात्र अक्षर आहे आणि दिशाही आहे. तिथल्या 'बिल्डिंग अँड फॅक्टरी' खात्यात मी गेलो तेव्हा साहेब साइटवर होते. दुसऱ्यांदाही साइटवर होते. तिसऱ्यांदा भेटले, तेव्हा मीच इतका दचकलो की अर्ज घरी विसरल्याचं आठवलं. हा दोष माझा, त्यांचा नव्हे.

साहेब सज्जन होते. एकच प्रश्न विचारला. "घर चौसष्टच्या आधीचं आहे का?"

मी म्हटलं, "साहेब, माझे वडील त्याच घरात जन्मले."

"ते राहू द्या. घराचं सांगा."

मग मला कळलं, की मुंबईतल्या जुन्या बांधकामांची एक जन्मतारीख ठरलेली आहे. राहतं घर १७ एप्रिल १९६४च्या आधी उभं असलं तर ते चालवून घेतलं जातं. घर बांधणाऱ्या आजोबांना हे ठाऊक असतं तर त्यांनी चौथऱ्यावर तारीख कोरून ठेवली असती. त्यांनी कोरलं 'श्री'.

आमच्या लायसन्सवाल्या सर्व्हेयरने टेप लावून घर मोजलं आणि ओटीवर येऊन थांबला. "इथे झेरॉक्सचं दुकान कोणाचं?"

"धाकट्या भावाचं. पूर्वी आजोबांचं भुसाराचं होतं."

"मग हे कमर्शियल. याची तारीख वेगळी. एक एप्रिल बासष्ट."

म्हणजे एकाच आढ्याखाली, एकाच वाळवीने खाल्लेल्या घरात, उंबऱ्याच्या अलीकडे बासष्ट आणि पलीकडे चौसष्ट. मी मोबाइलमध्ये बघितलं, १ एप्रिल १९६२ला रविवार होता. दुकान बंदच असणार.

पुराव्यांची शोधाशोध सुरू झाली. बातमी विरारला आत्याकडे पोहोचली आणि आत्या दुसऱ्या दिवशी हजर. वय चौऱ्याऐंशी. पिशवीत स्वतःची लग्नपत्रिका. "माझं लग्न ह्याच दारात लागलं, बघ." पत्रिकेवर वैशाख, शके १८८३ असं छापलेलं होतं. सोबत आहेराची वही, त्यात कोणी किती रुपये, कोणी पातेलं, कोणी नुसताच आशीर्वाद, सगळी नोंद. आशीर्वादापुढे आजोबांनी फुली मारून ठेवली होती.

आत्या माझ्याबरोबर ऑफिसात आलीच. साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली, पत्रिका वाचली आणि म्हणाले, "आजी, हे शके आहे."

"मग? शक्यात लग्न लागत नाही का?"

"लागतं हो. पण यात तुमचं लग्न झाल्याचा पुरावा आहे, घर असल्याचा नाही."

आत्या बाहेर येऊन म्हणाली, "पोरगा चांगला आहे, पण घरात म्हातारं माणूस नसावं."

खरा पुरावा निघाला दत्ताच्या तसबिरीमागे. काच बदलायला तसबीर उघडली, तर पुठ्ठ्याला आधार म्हणून घरपट्टीची पावती चिकटवलेली. आजोबांचं नाव, कौलारू घर, रक्कम, सही, सगळं जागच्या जागी. फॉर्मवर १९५ एवढं छापील होतं आणि पुढचा एक आकडा कारकुनाने शाईने भरलेला असणार. कसरीने सगळा कागद सोडून नेमका तेवढा आकडा खाल्ला होता.

साहेबांनी पावती उजेडात धरली. "साल स्पष्ट नाही."

"साहेब, त्या जागी शून्यापासून नवापर्यंत काहीही घाला. बासष्टच्या आधीचंच येतं."

साहेब थांबले. मनातल्या मनात त्यांनी दहाही आकडे घालून बघितले असावेत. मग हळूच म्हणाले, "गणित बरोबर आहे हो तुमचं. पण मी शेऱ्यात काय लिहू? साल काहीही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या काळात माझा मावसभाऊ पेढे घेऊन आला. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि त्यांना 'आयओडी' मिळाली होती. मुंबईत नवी इमारत बांधायची परवानगी ज्या कागदाने सुरू होते, त्याचं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. मराठीत सांगायचं तर नापसंतीची कळवणी. मुलगी आवडली आहे, पण कळवायचं 'नापसंत' आणि खाली अटींची यादी जोडायची. त्या पुऱ्या केल्या की लग्न. आत्याने पेढा तोंडात टाकत विचारलं, "नाही म्हणाले, त्याचे पेढे?" भाऊ म्हणाला, "आत्या, आमच्या शेजारच्या सोसायटीला अजून नाही सुद्धा म्हणालेले नाहीत."

शेवटी सर्व्हेयरनेच असेसमेंटच्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, जुन्या रजिस्टरातून उतारा मिळवला. त्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते लिहीत नाही, चपला नव्या घेतल्या एवढं पुरे. उताऱ्यात साल स्वच्छ होतं आणि पुढे नोंद होती: 'राहते घर एक, कौलारू.' दुकानाचा उल्लेखच नाही. दुकान दाखवलं तर पट्टी वाढेल, म्हणून आजोबांनी त्या दिवशी ओटीवरची पोती आत ओढली असणार. गुमास्ता लायसन्स त्यांनी काढलं होतं की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

"माजघराचं करून घेऊ," सर्व्हेयर म्हणाला. "ओटीचं नंतर. तिथे कुठे गळतंय?"

खरंच, ओटीवर एक थेंब गळत नव्हता. उलट सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती आम्ही तिथेच काढल्या. ज्या दुकानाचा पुरावा नव्हता, त्या दुकानाने माजघराचे सगळे पुरावे छापून दिले, आणि भावाने पानामागे दोन रुपये माझ्याकडूनही घेतले. आजोबांचं रक्त.

मे महिन्यात परवानगी आली. माजघरावर लोखंडी आढं चढलं, पत्रे चढले. जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा आम्ही दोघं माजघराच्या मधोमध मान वर करून उभे होतो. आवाज कानठळ्या बसवणारा, पण खाली टिपूस नाही. बायकोने कुकर परत स्वयंपाकघरात नेला.

इतक्यात ओटीवरून भावाची हाक आली. नव्या पत्र्यांवरचं सगळं पाणी उताराने थेट ओटीच्या जुन्या कौलांवर जात होतं. जाऊन बघतो तर तो झेरॉक्स मशिनवर छत्री धरून उभा होता. परात, बादल्या, तपेलं आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे आणली आणि मी सर्व्हेयरला फोन लावला.

"कुठे गळतंय म्हणालात? ओटीवर?" पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "मग बासष्ट."