छोटी लाईन साहेबांच्या हौसेची नव्हती

नागपूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाचा फोटो आणि खाली साधारण असं: नागपूर म्हणजे संत्री आणि सरकारी बाबूंचं गाव, इथे कारखानदारी आली ती बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीनंतर. छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, साहेब लोकांनी शिकारीला जायला टाकली. तिचं भाडं आपण अजून लंडनला भरतो. आणि संग्रहालय म्हणजे पोरांना टॉयट्रेनमध्ये बसवायची बाग. यातलं शेवटचं वाक्य निम्मं खरं आहे. बाकी सगळी फेकाफेक.

भाड्याचं आधी उरकू. ही गोष्ट शकुंतलेची, म्हणजे मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची त्या गाडीची. ती लाईन खासगी कंपनीची होती, म्हणून तो वाद. नागपूरची छोटी लाईन बंगाल नागपूर रेल्वेची, आणि ती रेल्वे १९४४ मध्येच सरकारच्या ताब्यात आली. दोन्हीकडे रूळ अडीच फुटांचे, एवढ्यावरून पश्चिम विदर्भातलं भांडण नागपूरच्या गळ्यात कशाला?

आता कारखानदारी. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस मिल. मुंबई सोडून इथे येण्यात हिशोब होता: कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे १८६७ पासून आलेली, तलावाचं पाणी शेजारी. जागा दलदलीची. तिथे भराव घालायला कर्ज मागितलं, तर एका सावकाराने नकार दिला; हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणाला. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात, की यांनी माती घातली आणि सोनं काढलं. गिरणीचा कारभार बघणारे बेझनजी मेहता आधी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात होते, कापडाशी त्यांचा संबंध नव्हता. इंग्लंडचं लँकेशायर म्यूल नावाच्या जुन्या यंत्रावर सूत कातत असताना इथे रिंग स्पिंडल ही नवी चाती चालवून बघितली गेली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. (याचा अर्थ गिरणीत सुखच सुख होतं असा नाही. संप झाले, आणि रुईकरांसारखे कामगार पुढारी त्याच धगीतून वर आले.) गिरणी २००२ मध्ये बंद पडली. आज तिथे मॉल उभा आहे. भोंगा न ऐकलेल्या पिढीला इथे कारखाना नव्हताच असं वाटलं, तर दोष त्या पोरांचा नाही.

राहिली शिकार. साहेब शिकारीला जात, आणि जाताना याच गाडीत बसत, हे मान्य. पण मोतीबागेत जुना सलून डबा बघून सगळी लाईनच त्यांच्यासाठी टाकली असं म्हणणं म्हणजे कलेक्टरच्या जीपसाठी रस्ता झाला म्हणण्यासारखं. सलून हे लाईन तपासायला निघालेल्या अधिकाऱ्याचं फिरतं ऑफिस. लाईनचं खरं कारण बघायचं तर रुळांपाशी उभं राहायचं. दोन रुळांत ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजला १६७६. अंतर कमी म्हणजे वळण जास्त आवळता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात. सातपुड्यात छिंदवाडा, नैनपूर, बालाघाटकडे जायला हाच परवडणारा मार्ग होता. तिकडून लाकूड यायचं, धान्य यायचं, आणि बालाघाटचं मँगनीज. पोलादाला कणखरपणा देणारं हे खनिज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतातून परदेशी जात होतं, आणि जगाच्या बाजारात भारताची बरोबरी रशियाशी होती. गेज बदललं की माल उतरवून मोठ्या गाडीत भरायचा. गोंदियाला हे काम माणसांच्या पाठीवर चालायचं, आणि स्वस्त लाईनचा खरा खर्च तो. मँगनीज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आजही नागपुरात आहे, ते उगाच नाही.

छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. म्हणजे संग्रहालय २००२ मध्ये उघडलं तेव्हा ती गाडी बाहेर धावतच होती.

आणि टॉयट्रेन? आहे. रविवारी पोरांची झुंबड उडते, आईबाप बाकावर बसून खारे दाणे खातात. त्यात वाईट काय? माझी तक्रार वेगळी आहे. तिथे इंजिनाची माहिती मिळते, त्याने ओढलेल्या मालाची आणि तो उचलणाऱ्या हमालांची फारशी मिळत नाही. आणि गिरणी कामगारांसाठी तर या शहरात एवढीही जागा नाही. मेसेज फिरवायचाच असेल तर ही मागणी फिरवा.