विलोच्या हातातले बाळ

नेल्विन नावाच्या बुटक्या लोकांच्या गावात जत्रा भरलेली असते. विलो उफगूड नावाचा ठेंगणा शेतकरी चार लोकांसमोर डुकराचे पिल्लू गायब करण्याचा खेळ करतो आणि ऐन वेळी ते पिल्लू त्याच्याच कपड्यांतून बाहेर येते. लोक हसतात. १९८८ साली आलेल्या ‘विलो’ या चित्रपटाची सगळी गंमत माझ्या मते या फसलेल्या खेळात आहे, आणि चौतीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच नावाने सुरू झालेली आठ भागांची मालिका कुठे हुकली तेही याच खेळावरून नीट सांगता येते.

कथा जॉर्ज लुकास यांची, दिग्दर्शन रॉन हॉवर्ड यांचे, संगीत जेम्स हॉर्नर यांचे. दुष्ट राणी बाव्हमोर्डा हिचा अंत एका नवजात मुलीमुळे होणार अशी भविष्यवाणी असते, म्हणून ती राज्यातल्या सगळ्या गरोदर बायकांना कोंडून ठेवते. सुईण बाळाला घेऊन पळते आणि शिकारी कुत्रे गाठणार असे दिसताच त्याला गवताच्या तराफ्यावर ठेवून नदीत सोडते. आपल्यासारख्या प्रेक्षकाला इथे कंसही आठवतो आणि कर्णही, त्यामुळे ही गोष्ट परकी वाटण्याचा प्रश्नच येत नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली ती कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. ती कॅसेट इतकी झिजलेली होती की दोन तोंडांचा ड्रॅगन पाण्यातून वर येताना पडद्याच्या वरच्या कडेला पांढरे पट्टे सरकत असत, आणि कित्येक वर्षे मला ते पट्टे म्हणजे त्याच्या तोंडातली वाफच वाटत होती.

नदीतून वाहत आलेले हे बाळ विलोच्या मुलांना सापडते आणि तिथून पुढे दोन तास सहा मिनिटांच्या या चित्रपटात ते जवळजवळ सतत कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असते. त्याला भूक लागते, ते रडते, त्याचे दुपटे ओले होते. पिंजऱ्यात टांगलेला भामटा योद्धा मॅडमार्टिगन पुढे त्याच बाळाला चघळायला एक काळे मूळ देतो, आपल्या आईने आपल्याला यावरच वाढवले असे सांगतो, आणि विलो त्याच्यावर एखाद्या आजीसारखा खवळतो. एकीकडे राज्ये उलथवणारी भविष्यवाणी आणि दुसरीकडे बाळाच्या तोंडात काय घालावे यावरून दोन पुरुषांची हमरीतुमरी, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांभाळल्यामुळे हा चित्रपट उभा राहतो. ड्रॅगन आणि किल्ले इतरांकडेही होते. घर सोडताना बायकोने कापून दिलेली वेणी जवळ बाळगणारा, दोन मुलांचा बाप असलेला नायक मात्र अशा चित्रपटांत सहसा भेटत नाही.

गावचा वृद्ध जादूगार शिष्य निवडताना उमेदवारांपुढे हाताची बोटे धरतो आणि जग चालवण्याची शक्ती यातल्या कोणत्या बोटात आहे असे विचारतो. प्रत्येक जण त्याच्या बोटांपैकी एक दाखवून चुकतो. विलोही चुकतो, पण आपल्या मनात आधी स्वतःचेच बोट दाखवायचे आले होते हे तो नंतर कबूल करतो, आणि तेच बरोबर उत्तर असते. शेवटच्या प्रसंगात राझिएलसारखी खरी जादूगारीण हरून पडते, दगड करून टाकणारे मंतरलेले फळही राणीला पुरे पडत नाही, तेव्हा हा माणूस जत्रेत फसलेला तोच डुकराचा खेळ बाळावर करतो. बाळ खरोखर नाहीसे झाले असे वाटून राणी गोंधळते, आणि तिने मांडलेला विधी तिच्यावरच उलटतो. म्हणजे जगातली सर्वांत मोठी जादू एका शेतकऱ्याच्या हातचलाखीपुढे हरते, आणि आपण नेमके काय केले हे तो नंतर हसत हसत सांगूनही टाकतो.

चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. राणीची मुलगी सोर्शा एका लढाईत मॅडमार्टिगनचा पराक्रम पाहते आणि एवढ्यावर आईची बाजू सोडते, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. राझिएल एकामागून एक प्राण्यांची रूपे पालटत शेवटी माणूस होते, त्या दृश्यासाठी संगणकावरच्या मॉर्फिंगचा, म्हणजे एका प्रतिमेतून सलग दुसरी घडवण्याच्या तंत्राचा, मोठ्या पडद्यावरचा पहिला महत्त्वाचा वापर झाला. तंत्राच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के असले, तरी आज ते दृश्य कुतूहलापुरतेच उरले आहे.

जोनाथन कॅस्डन यांच्या मालिकेवर सर्वांत जास्त टीका झाली ती पात्रांच्या आजकालच्या बोलण्यावर आणि भागाच्या शेवटी वाजणाऱ्या गाण्यांवर. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. व्हॅल किल्मर यांचा मॅडमार्टिगन तरी कुठे जुन्या पोथीतली भाषा बोलत होता? तो ऐंशीच्या दशकातल्या टवाळ पोरासारखाच बोलत होता, आणि म्हणून तर तो आवडला. शिवाय मालिकेने काही गोष्टी मूळ चित्रपटापेक्षा चांगल्या केल्या. सोर्शा आणि मॅडमार्टिगन यांची मुलगी किट आणि तिची योद्धा मैत्रीण जेड यांचे प्रेम हळूहळू, रुसव्याफुगव्यांसह फुलते आणि सोर्शाच्या वाट्याला जो वेळ कधी आला नव्हता तो तिच्या मुलीला मिळतो. घशाच्या कर्करोगाने प्रकृती खालावलेले किल्मर मालिकेत येऊ शकले नाहीत, तेव्हा वडिलांच्या नसण्यालाच किटच्या रागाचे कारण बनवण्यात लेखकांनी शहाणपणा दाखवला. जोअन व्हॉली यांनी उतारवयातली राणी सोर्शा ज्या थकव्याने उभी केली आहे, तो थकवाही खरा वाटतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. मालिकेत आपल्याला कळते की एलोरा डॅनन, म्हणजे तेच बाळ, राजवाड्याच्या स्वयंपाकघरात नाव बदलून वाढले आहे आणि आपण कोण हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही. तिला जादू शिकवावी असे विलोला वाटत होते, तर तिला जादूपासून आणि धोक्यापासून दूर ठेवावे असे सोर्शाचे मत होते, आणि अखेर सोर्शाचेच चालले. म्हणजे ज्या माणसाने ते बाळ छातीशी धरून डोंगर ओलांडले, त्याच्या हातातून ते काढून घेतले गेले. याहून मोठे दुःख या कथेला मिळणे शक्य नव्हते. हे दुःख मालिकेला सापडले, एका जुन्या आठवणीत तिने ते दाखवलेही, आणि मग ती पळवून नेलेल्या राजपुत्राच्या शोधात पुढे निघून गेली!

पुढे विलो एलोराला शिकवू लागतो तेव्हा तो तिच्यापुढे एक बी ठेवतो. ते रुजावे म्हणून ती पुन्हा पुन्हा तोच मंत्र म्हणते आणि बी काही हलत नाही. विलो साकारणारे वॉरविक डेव्हिस चित्रपट आला तेव्हा अठरा वर्षांचे होते, इथे ते बावन्नचे आहेत, आणि या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाची करडी नजर आणि बापाची घालमेल एकाच वेळी दिसते. विलोच्या नावाभोवती मोठी दंतकथा तयार झाली आहे आणि आपण त्या दंतकथेएवढे नाही हे त्याला पुरते माहीत आहे. जो माणूस हातचलाखीने जिंकला, त्याने खरी जादू शिकवायची ती कशी, हा प्रश्न आठही भागांना पुरला असता. पण असा प्रसंग जरा मुरू लागला की कोणीतरी विनोद करते, नवे संकट येते, नवे ठिकाण येते. चित्रपटातही विनोद भरपूर होते, पण तिथे हसून झाल्यावर बाळ कोणाच्या तरी हातात असायचेच, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न तसाच उभा असायचा. मालिकेत सहा जण बरोबर चालतात आणि बहुतेकांचे हात मोकळे असतात.

शेवटच्या भागात एका फळीवर या कथेच्या पुस्तकाचा पहिला खंड ठेवला जातो आणि शेजारी दुसरा, तिसरा खंड दिसतात. मार्च २०२३ मध्ये पुढचे पर्व होणार नाही हे जाहीर झाले, आणि मे महिन्यात मालिकाच डिस्ने प्लसवरून काढून टाकण्यात आली. शेवटचा भाग येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. मालिका फसली असे मानणाऱ्यालाही ती पुन्हा पाहून आपले मत तपासता यायला हवे होते. चित्रपट निदान कॅसेटवर तरी उरला.

मागच्या दिवाळीत भाच्याला मी तो चित्रपट दाखवला. संपल्यावर त्याने पुढे त्या बाळाचे काय झाले असे विचारले. दाखवण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, म्हणून मालिकेतले जेवढे आठवत होते तेवढे मी त्याला तोंडी सांगितले, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की मी विनोद गाळत चाललो होतो आणि बी रुजवण्याचा प्रसंग लांबवत होतो.