‘डोळ्यांत बघून बोला’ म्हणणाऱ्यांसाठी

‘न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींनी नोकरीत यशस्वी होण्याचे पाच नियम’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश आमच्या मावशीने गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला पाठवला. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांच्या मेंदूची घडण बहुतेकांपेक्षा वेगळी असते असे लोक. तिचा हेतू चांगला होता. पण परिणाम आम्हाला निस्तरावा लागला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला नियम असा: समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, सवयीने सगळे जमते. भाऊ ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. ऐकताना तो वहीकडे बघतो, कारण चेहऱ्याकडे बघू लागला की शब्द निसटतात. संदेश वाचून त्याने बैठकीत मनातल्या मनात तीन अंक मोजेपर्यंत साहेबांकडे आणि दोन अंक खिडकीकडे बघण्याचा प्रयोग केला, आणि सांगितलेल्या तीन कामांपैकी एकच त्याच्या लक्षात राहिले. या सोंगाला मास्किंग म्हणतात. ते दिवसभर वठवून आलेला माणूस बूटही न काढता दाराशी बसून राहतो, हे मी त्या संध्याकाळी पाहिले.

संवाद फसला की दोष ऑटिस्टिक माणसाचाच, हे या नियमाचे गृहीतक आहे. संशोधक कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून, कानगोष्टीच्या खेळासारखी, एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत ती तितकीच टिकली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळ्यांत. गळती वाढली ती मिश्र साखळ्यांत. साखळ्या थोड्याच होत्या, हे मान्य. तरी अडचण दोघांच्या मध्ये आहे, एकाच्या डोक्यात नाही, एवढे त्यातून दिसते. मग सराव एकट्यानेच का करायचा? साहेबांनी तीन कामे तीन ओळींत लिहून पाठवली असती तरी भागले असते.

‘एडीएचडी म्हणजे आळस, डायरी ठेवा’ हा दुसरा नियम. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे जड जाणारी मेंदूची घडण. डायरीचा उपयोग होतो. पण ती उघडायचेच विसरणे ही अडचण असलेल्याला आळशी म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. ‘आपले निदान कोणालाही सांगू नका’ या तिसऱ्या नियमात, नाइलाजाने म्हणावे लागते, थोडे तथ्य आहे: साहेब कसे आहेत हे पाहूनच सांगावे. मात्र सांगितल्याशिवाय सवलत मागणे कठीण, हे संदेश लिहिणाऱ्याला सुचलेले नाही. चौथा नियम याच निदानाला ‘दैवी देणगी’ म्हणतो. ती लपवायची का, हे त्यांनी आपसांत ठरवावे.

पाचवा नियम सांगतो की अशा लोकांनी माणसांपासून दूर, संगणकावरचेच काम धरावे. भाऊ फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेतो. तिथे तो वहीकडे बघतो, आणि त्याच्याकडे कोणीच बघत नाही.