मत आहे, पण त्या दिवशी माणूस फडात असतो

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऊसतोड कामगारांना आवाज नाही, हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. गोपीनाथ मुंडेंसारखा नेता मिळाला, कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ मिळालं, मत तर सगळ्यांसारखं आहेच, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, घेऊन पळणारे कोण, असं तुम्ही विचारलंय.

मुंडेसाहेबांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यांच्यामुळे तोडणीच्या संपाला वजन आलं, हे मी लिहायला हवं होतं. उचल बुडवणारेही आहेत. पण हिशेब मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत असतो, आणि बाकी निघाली की ती पुढच्या हंगामावर जाते. मग पुढच्या वर्षी दुसरीकडे जायची सोयच राहत नाही.

आता मताचं. 2024 ला गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान होतं 20 तारखेला. फडावरून, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावरून, बीडला यायचं तर नवरा-बायको दोघांची मजुरी बुडते, वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. म्हणून ज्याची गाडी येईल तिच्यात बसायचं. ज्यानं भाडं भरलं त्याला नंतर रस्त्याचा, पाण्याचा जाब कुठल्या तोंडानं विचारायचा? 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तर आमच्या वस्तीवर निम्म्या दारांना कुलूप असतं. समोर बसतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं.

दराचंही बघा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. चांगलंच झालं. पण त्याच वेळी मुकादमाचं कमिशनही वाढलं.

आणि बाई? उचलीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे अंधारात उठून चूल पेटवते ती, दिवसभर मोळ्या बांधते ती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते ती. उचलीच्या कागदावर अंगठा मात्र नवऱ्याचा. गेल्या दिवाळीत निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायच्या दोऱ्या आवरत होत्या. यंदा उचल किती, म्हणून मी विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सतरा हंगाम तोडणी केलेली बाई आहे ही.

म्हणून माझं मागणं नव्या नेत्याचं नाही. उचलीची नोंद दोघांच्या नावे व्हावी, हिशेबाची प्रत दोघांच्या हातात यावी, आणि दराच्या पुढच्या कराराला बसताना तोडणी करणाऱ्या बायका तिथं असाव्यात. यातलं तुम्हाला काय चुकीचं वाटतं, ते जरूर लिहा.