'पैसेवाल्यांची फॉरेन टूर' म्हणणाऱ्या परळकरांना

परळकर,

तुम्ही सही एवढीच केली आहे, म्हणून मीही एवढंच म्हणते. मागचा लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना घेऊन मी जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेले, त्याबद्दल तो लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, की ही पैसेवाल्यांची फॉरेन टूर आहे आणि 'एक्स्चेंज' नाव दिलं की खर्च टोचत नाही, एवढंच. पंधरा दिवसांत मुलं चॉकलेटं आणि सेल्फी घेऊन येतात. तुमच्या पुतणीच्या शाळेने दहा दिवसांत चार देश दाखवायचे सव्वादोन लाख मागितलेत. आणि एवढीच हौस असेल तर मुलांना गडचिरोलीला न्या.

पुतणीच्या बाबतीत तुमच्याशी भांडण नाही. चार देश, रोज नवं हॉटेल, संध्याकाळी भारतीय बुफे. यात तिथलं कुणी भेटणार कधी? एक्स्चेंजमध्ये मूल तिथल्या एका घरात राहतं, त्या घरातल्या मुलाबरोबर त्याच्या शाळेत जातं आणि काही महिन्यांनी ते मूल आपल्या घरी राहायला येतं. हा दुसरा अर्धा भाग नसेल तर मीही त्याला सहलच म्हणेन.

पण मूळ कल्पना टूरवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही. १९६३च्या जानेवारीत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी दोन देशांच्या मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. महायुद्ध संपून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. ज्यांच्या घरातली माणसं समोरच्यांच्या गोळीने गेली होती, त्यांनी त्यांच्याच पोरांना घरात घ्यायचं आणि जेवायला वाढायचं. आजवर नव्वद लाखांहून जास्त तरुण या कार्यक्रमांतून गेलेत. मुंबई आणि स्टुटगार्टचं भगिनी-शहराचं नातंही १९६८पासूनचं आहे. आपल्याकडे ते फारसं कुणाच्या गावी नसतं, ते सोडा.

आता पंधरा दिवसांत काय शिकतात ते. आमची एक मुलगी पहिल्या दोन रात्री अर्धपोटी झोपली. यजमान बाईंनी विचारलं, "आणखी हवंय?" ही म्हणाली, "नको." आपल्या घरात पहिलं 'नको' कुणी मोजतच नाही, दुसऱ्यालाही पोळी पानात पडते. तिथे बाईंनी पावाची टोपली उचलली आणि आत नेली. तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "हो, हवंय." पंधरा वर्षांच्या मुलीने परक्या घरात, परक्या भाषेत, आई शेजारी नसताना आपल्याला काय हवंय ते सांगितलं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मी वर्गात रोज ज्या मुलींना 'काही अडलंय का' विचारते आणि ज्या मान खाली घालून 'नाही' म्हणतात, त्यांच्याकडे बघता मला ते किरकोळ वाटत नाही. पुढे तिची जर्मन मैत्रीण मुलुंडला आली तेव्हा उलट झालं. तिचं 'नको' आजीने शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

दुसरा प्रकार जिन्याचा. स्टुटगार्टच्या भागात 'केअरवोखे' म्हणून पद्धत आहे. जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे असते, पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. आमच्या एका मुलाने इंजिनिअर असलेल्या यजमान काकांबरोबर जिना पुसला आणि फोटो घरी पाठवला. रात्री त्याच्या आईचा मला फोन, "मॅडम, आमच्या मुलाला झाडू मारायला लावताहेत!" मुंबईत परतल्यावर तो सोसायटीचा जिना झाडतो का? अजिबात नाही. मी तसा दावाही केला नव्हता.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथे, आपल्या घरात घडतं. यजमानपदाच्या अर्जात एक रकाना असतो, पाहुण्यासाठी स्वतंत्र खोली आहे का. भांडुपच्या वन रूम किचनमधल्या एका मुलाने तिथे 'आहे' लिहिलं. पाहुणा आला, त्याची गादी हॉलमध्ये आजोबांच्या कॉटशेजारी पडली. यजमान पोरगा दोन दिवस त्याच्याशी धड बोलला नाही. पाहुण्याला मात्र खोलीचं काही पडलं नव्हतं, त्याला भांडुपला लोकलमध्ये चढणारी गर्दी आणि तिघांच्या बाकावरची चौथी सीट कळत नव्हती. ती समजावता समजावता आमचा पोरगा बोलता झाला. आपल्या घराची लाज वाटणं या वयात फार खोल असतं, परळकर, आणि त्यावर व्याख्यानाचा काही उपयोग होत नाही.

'आपली संस्कृती विसरतात' असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. तिथल्या फुटपाथवर घरांसमोर छोट्या पितळी पाट्या बसवलेल्या दिसतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं. नाझी काळात त्या घरातून ज्यांना नेलं, त्यांची नावं त्यावर असतात. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, हे लोक स्वतःचीच काळी गोष्ट दारासमोर का लावतात?" परत येईपर्यंत ती आपल्या इतिहासाबद्दल असे प्रश्न विचारत होती, की मी काहींची उत्तरं टाळली. ती काही विसरली असं मला वाटलं नाही.

अभ्यासाचा दाखला मागितलात म्हणून सांगते. परदेशी शाळेत राहून आलेल्या जर्मन किशोरांवरचा एक मोठा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांचा आत्मसन्मान जास्त वाढलेला आढळला आणि तिथल्या लोकांनी आपल्यात घेतलं का, याच्याशी त्याचा संबंध होता. पण तो दीर्घ मुक्कामाचा अभ्यास आहे. आमच्या पंधरवड्याला मी तो चिकटवणार नाही.

गडचिरोलीला जरूर न्या. पण पन्नास मुलांची बस, दोन तास पाडा बघणं आणि वह्यावाटपाचे फोटो असतील तर तीही सहलच. तिथल्या घरात आठवडाभर राहायचं आणि तिथली मुलगी परळला तुमच्याकडे राहायला येणार, असं ठरलं तर मी स्वतः सोबत येते. राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी ओडिशाचा विद्यार्थी राहून गेलाय का?

पैशाचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. जाणारी बहुतेक मुलं ज्यांना परवडतं त्यांचीच असतात. जपानच्या 'साकुरा सायन्स' कार्यक्रमातून भारतातली शाळकरी मुलंही सरकारी खर्चाने जाऊन आलीत, अमेरिकेच्या 'येस' शिष्यवृत्तीतून काही जणांनी तिथे वर्ष काढलंय. पण अशा जागा थोड्या आणि त्यांची माहिती महापालिकेच्या शाळांपर्यंत पोचतच नाही. तुम्हाला राग काढायचाच असेल तर इथे काढा, मीही तुमच्या बाजूने उभी राहीन.

पुतणीच्या शाळेत पालकसभा होईल तेव्हा खर्चाचा तपशील मागा. अभ्यासासाठी जाणाऱ्या शाळकरी मुलांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क माफ असतं, फक्त अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार द्यावा लागतो. यादीत पूर्ण व्हिसा फी लावलेली असेल, तर ही सहल नेमकी कसली म्हणून दाखवली आहे ते विचारा. मग विचारा, मुलगी कुणाच्या घरी राहणार आणि त्यांच्याकडचं कोण, कधी आपल्याकडे येणार. उत्तर 'बघू पुढे' असं आलं तर ते सव्वादोन लाख तिच्या नावाने बँकेत टाका. आणि भाषेची आवड असेल तर काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग चालतात, तिथे चौकशी करा.