'एक नागपूरकर' यांना उत्तर: पाटीवरची अक्षरं आणि हाताचा गुण

नमस्कार भाऊ,

हृदयरोगतज्ज्ञाच्या पाटीवरची अक्षरं कशी वाचायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक नागपूरकर' म्हणून लिहिलंत. खरं नाव घालायला काय हरकत होती, कोण जाणे. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांत डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध सोडून करायची तपासणी) 'पंधरा मिनिटांचं काम' हे खोटं, भावाला दीड तास आत ठेवलं. "डिग्र्या काय चाटायच्या? हाताला गुण पाहिजे." पेशंट टेबलवर असताना नातेवाइकांना बोलावून पाच मिनिटांत 'स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकायचा का' असं विचारतात, त्यावर मी गप्प. आणि शेवटी, मी 'दवाखान्यांचा दलाल'.

पहिलं मान्य. सरळ केस असेल तर मनगटात सुई गेल्यापासून कॅथेटर (हृदयापर्यंत सरकवायची बारीक नळी) बाहेर येईपर्यंत 15-20 मिनिटं लागतात, मी तेवढीच धरली. आधीची सलाईन, सफाई, निर्जंतुक कापड, सुन्न करायचं इंजेक्शन आणि आधीची केस संपायची वाट, हे धरलं नाही. नंतर मनगटावरचा दाबपट्टा दोनेक तास असतोच. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'दलाल'. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, टेक्निशियन आहे. 22 वर्षं शिशाचा एप्रन घालून पगारावर उभा आहे. कट खात असतो तर त्या एप्रनच्या वजनानं दुखणाऱ्या कंबरेला पट्टा बांधून ड्युटीवर गेलो नसतो. काहून एवढे तापता, ते समजत नाही. मतभेद असू द्या, पण ज्या भाषेत तुम्ही लिहिलंत त्या भाषेत रामदासपेठेतल्या पानठेल्यावरही कुणी बोलत नाही.

आणि डिग्र्या चाटायच्या नसतात, वाचायच्या असतात. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन 3 वर्षं, मग डीएम कार्डिओलॉजी किंवा तिच्याच तोडीची डीआरएनबी आणखी 3. मधला बाँड आणि प्रवेश परीक्षेतली वर्षं वेगळीच. धंतोलीत एखाद्या पाटीवर एमडी मेडिसिनच्या खाली 'फिजिशियन व हृदयरोगतज्ज्ञ' दिसलं, तर तो डॉक्टर वाईट ठरत नाही. बीपी, ईसीजी, औषधं तो उत्तम बघत असेल. गडचिरोली-गोंदियाकडे अटॅकच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन नागपूरपर्यंत जिवंत पाठवणारा बहुतेक वेळा असाच डॉक्टर असतो. पण कॅथेटर चालवायचं शिक्षण त्या अक्षरांत नाही. पीजीडीसीसी हा एमबीबीएसनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा, तोही बिनकॅथेटरच्या तपासण्यांचा. एफएसीसी हा अमेरिकेतल्या संस्थेच्या सभासदत्वाचा मान आहे, शिक्षण नव्हे. पाटीवर मात्र तीच अक्षरं ठळक असतात! नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्या नंबरावर वाढीव पदवी चढली आहे का, एवढं बघायचं. झालं.

तुम्ही म्हणता तो हाताचा गुण कुठे लागतो, तेही सांगतो. कॅथेटरच्या मागे तीन तोट्यांचा जोड, मॅनिफोल्ड, असतो: एक प्रेशरची, एक सलाईनची, एक डायची. कॅथेटरचं टोक डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशी बसलं की मॉनिटरवर प्रेशरची लाट स्वच्छ उठत राहिली पाहिजे. कधी टोक बसताक्षणी ती लाट चपटी होते. म्हणजे एकतर टोक भिंतीला टेकलंय, नाहीतर तोंडाशीच ब्लॉक आहे आणि कॅथेटरनं उरलेली वाटही बंद केली. अशा वेळी नवशिका हात डाय ढकलून मोकळा होतो. डाय आत अडकून राहतो, धमनीचं अस्तर फाटू शकतं, हृदय थरथरायला लागून शॉक द्यायची वेळ येऊ शकते. शिकलेला हात आधी कॅथेटर मागे घेतो. लाट परत आली की बाहेरूनच दोन-तीन मिली डाय सोडून तोंड बघतो आणि मोजके अँगल घेऊन बाहेर पडतो. पेशंटला यातलं काही कळत नाही. तो बाहेर येऊन सांगतो, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.

दुसरा प्रसंग मनगटाचा. तिथली धमनी बारीक, कधी कॅथेटरला घट्ट धरून बसते. पेशंट म्हणतो, हात पिळवटतोय. ओढायचं नसतं. नायट्रोग्लिसरीन 100-200 मायक्रोग्रॅम द्यायचं, थोडं झोपेचं औषध, आणि थांबायचं. नाहीच सुटलं किंवा पुढे धमनीचं वेटोळं निघालं, तर मांडीतून जायचं. तुमच्या भावाचा दीड तास अशाच कशात गेला असेल, मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

हे थांबणं, मागे घेणं डीएमच्या तीन वर्षांत दिवसरात्र केसेस करून, सिनिअरच्या शिव्या खाऊन अंगात येतं. गुण म्हणजे तेच. डिग्री आणि हात अशी भांडणं तुम्ही लावलीत, मी नाही.

तिसरं, पाच मिनिटांत स्टेंटचं विचारण्याचं, आटोपतो. अटॅक चालू असेल तर दवाखान्याच्या दारात आल्यापासून बंद धमनी उघडणारा फुगा आत फुगेपर्यंत 90 मिनिटांचं गणित असतं, तिथे विचार करायला घरी जा असं कोण म्हणेल? अटॅक नसेल, तब्येत स्थिर असेल, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरं मत घेता येतं. संमतीपत्र सहीआधी वाचायचं असतं. ते वाचायचं नाही आणि मग डॉक्टर वाईट. असो, तो या लेखाचा विषयच नव्हता.

'दलाल' शब्द असलेली तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, लोकांनी वाचावी. स्टेंट टाकला असेल तर भावाच्या अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या, गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी त्याच डॉक्टरला विचारा.